एका पिनेची कैफियत

परदेशगमन ही खाजगी बाब आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी भाईंदरच्या जेसल पार्कातील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका घेऊन राहावे आणि जिन्यात भेटलेल्या पहिल्याच गृहस्थास, आपण येत्या मे महिन्यात सहकुटुंब युरोपला जात आहोत, एवढे सहज म्हणून सांगून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध टाकणाऱ्या पोऱ्यापासून गच्चीची किल्ली सांभाळणाऱ्या वॉचमनपर्यंत सर्वांस आपला प्रवासमार्ग मुखोद्गत झालेला असतो, सायंकाळी खाडीकाठच्या चौपाटीवर त्या विषयाचे स्वतंत्र खाते उघडलेले असते, आणि तिसऱ्या दिवशी आपण जावे की न जावे एवढा एकच मुद्दा आपल्या अखत्यारीत शिल्लक राहून बाकीचे सर्व निकाल परस्पर लागलेले असतात. थेपले किती न्यावेत, स्वित्झर्लंडात पायमोजे कोणते घालावेत, पॅरिसात खिसा कोणत्या बाजूचा शिवून घ्यावा, या सर्व बाबींवर आमच्या पदरात हुकूम पडले. एकच बाब मात्र अखेरपर्यंत तहकूब राहिली, आणि ती म्हणजे आमच्या चिरंजीवांनी विकत घेतलेल्या सफरी राउटरला वेगळी पिन लागते की नाही.

हा सफरी राउटर म्हणजे तळहातावर मावणारी एक निरुपद्रवी दिसणारी पांढरी डबी. हॉटेलवाले एका खोलीस एक किंवा दोन यंत्रांपुरतेच वायफाय देतात आणि आजच्या मराठी कुटुंबात तर माणसांपेक्षा यंत्रेच अधिक. अशा प्रसंगी ही डबी हॉटेलच्या दप्तरी आपले एकटीचे नाव नोंदवते आणि आत शिरल्यावर उरलेल्या कुटुंबास मागल्या दाराने निमूटपणे घेते. हे कृत्य कायदेशीर आहे की काय, अशी शंका, उभी हयात सरकारी दफ्तरात खर्ची पडल्यामुळे, माझ्या मनात प्रथम आली. चिरंजीवांनी ती ऐकून घेतली नाही. सौभाग्यवतींनी मात्र त्याहून व्यावहारिक प्रश्न केला.

"अरे, ह्याला तिकडे वेगळी पिन लागते का?"

"लागते आणि लागत नाही," चिरंजीव म्हणाले.

असे उत्तर उपनिषदांत शोभून गेले असते. बॅग भरताना त्याचा काडीइतका उपयोग होईना. खुलासा मागावा तर चिरंजीव कानात काहीबाही खुपसून ऑफिसच्या मीटिंगमध्ये अंतर्धान पावलेले. तेव्हा मी ती डबी तिच्या चार्जरसकट खिशात घातली आणि ज्या ठिकाणी जगातील कोणत्याही प्रश्नाला उत्तराची ददात पडत नाही, त्या चौपाटीकडे वळलो.

आमच्या चौपाटीला वाळू नाही. खाडी आहे, खारफुटी आहे, बसायला बाके आहेत, भाद्रपदात विसर्जनाची गर्दी आहे आणि बारमाही, पाणजू बेटावरून नायगावकडे जाणाऱ्या रेल्वेपुलाचा खडखडाट आहे. त्या खडखडाटाकडे तोंड करून जी मंडळी रोज सायंकाळी बसतात, त्यांत रेल्वेच्या विद्युत खात्यातून निवृत्त झालेले एक फोरमनसाहेब असून विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानण्याचा शिरस्ता आहे. निदान तो मानला जाईपर्यंत ते थांबत नाहीत. त्यांनी डबी हातात घेतली, उलटी केली, नाकाशी नेली, आणि पुलाकडे बोट दाखवले.

"ती गाडी बघा. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची लोकल आली ती १५०० व्होल्ट डीसीवर. आता आहे २५,००० व्होल्ट एसी. चर्चगेटपर्यंत बदल पुरा झाला २०१२ मध्ये. मधली काही वर्षं अर्धा रस्ता हा करंट, अर्धा रस्ता तो. मग काय पासिंजर मध्येच उतरून गाडीला पिन लावत होते? गाडीच दोन्ही करंट खाणारी बनवली होती. तसाच हा तुमचा चार्जर. वाचा त्याच्यावर काय लिहिलंय."

मी चष्मा सारखा करून वाचू लागलो. मुंगीच्या पावलांची अक्षरे होती, आणि त्यांवर पडणारा सूर्य मावळतीकडे कलला होता. तरीही 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' आणि खाली 'आउटपुट ५ व्होल्ट' एवढा मजकूर हाती लागला.

"म्हणजे पिन नको?"

"अजिबात नको!" फोरमनसाहेब गर्जले. "पिन विकणाऱ्यांचा धंदा आहे तो."

इतका निःसंदिग्ध निकाल मिळाल्यावर वस्तुतः मी घरी जावयाचे. परंतु त्याच बाकावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीसाहेबही होते, आणि आपल्या समक्ष दुसऱ्याच कोणी निकाल द्यावा हे त्यांच्या घटनेत बसत नाही. त्यांच्या साडूची मुलगी लंडनला असते. तिच्या घरी ते स्वतः गेले नसले तरी तिने पाठवलेली छायाचित्रे त्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांतील एका छायाचित्रात, तिच्या मागे, भिंतीवर, तीन चौकोनी छिद्रे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. गोल पायांची वस्तू चौकोनी छिद्रात कशी जाते ते फोरमनसाहेबांनी सप्रमाण दाखवून द्यावे, अशी त्यांनी हरकत घेतली. फोरमनसाहेब म्हणाले, व्होल्टेज महत्त्वाचे, छिद्र नव्हे. सेक्रेटरी म्हणाले, व्होल्टेज आत जाण्यास छिद्रच लागते. वाद हातघाईवर आला. दोघेही आपापल्या जागी तंतोतंत खरे होते, आणि म्हणूनच त्यांच्यात समेटाची कोणतीही आशा नव्हती. अखेर हा प्रश्न व्यवस्थापक समितीच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली घेण्याची तजवीज झाली. गळक्या टाकीच्या आधी तो चर्चेला आला आणि टाकी पुढील सभेपर्यंत गळत राहिली.

दरम्यान न्यू जर्सीच्या मेहुण्यांचा फोन आला. त्यांचे मत आणखीच वेगळे.

"दाजी, नुसती पिन नेऊन भागणार नाही. ट्रान्स्फॉर्मर घ्या. मी आणलेला मिक्सर इथे कसा रडत होता ते ताईला विचारा!"

या रडण्याची हकीकत आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. अमेरिकेत जाणाऱ्या मराठी कुटुंबाने आपला मिक्सर बरोबर नेण्याची एक पिढीजात चाल होती. तिकडे वीज १२० व्होल्टची, मिक्सर इकडच्या २३० व्होल्टचा, त्यामुळे ओले खोबरे घालून कळ दाबली की पाते इतक्या वैराग्याने फिरू लागे की चटणी होण्यापूर्वी इडल्या निवून जात. मेहुण्यांनी मग वजनदार ट्रान्स्फॉर्मर घेतला, तो ओट्यावर मिक्सरहून अधिक जागा अडवून बसला, आणि तेव्हापासून परदेशी नेण्याच्या कोणत्याही वस्तूसाठी, मग ती दाढीची कात्री का असेना, ते ट्रान्स्फॉर्मर सुचवतात. मिक्सरच्या मोटारीला जे लागू ते पाच व्होल्टांवर उपजीविका करणाऱ्या डबीला लागू नाही, हे चिरंजीवांनी त्यांना समजावून पाहिले. मेहुणे म्हणाले, "तरी असू द्यावा."

या 'तरी असू द्यावा'पुढे शास्त्र लटके पडते. आम्ही स्टेशनच्या वाटेवरील विजेच्या सामानाच्या दुकानी गेलो. तेथे शेटजींनी प्रश्न पुरता होण्यापूर्वीच काचेखालून एक पांढरा ठोकळा काढून समोर ठेवला. त्याला बाजूने खटके होते. एक खटका सरकवला की चपटे पाय बाहेर यावेत, दुसरा सरकवला की चौकोनी यावेत, तिसरा सरकवला की गोल यावेत, अशी ती बहुरूपी रचना होती.

"युनिव्हर्सल पिन आहे, साहेब. दुनियेत कुठेही लावा."

"स्वित्झर्लंडात?"

"चालून जाईल."

"नाही चालली तर?"

"आणून द्या, बदलून देतो."

जिनिव्हाहून भाईंदरला एक पिन बदलण्यास येण्याची ही मुभा इतक्या मोकळ्या मनाने देण्यात आली की नाही म्हणण्याचा धीर झाला नाही.

प्रयाणापूर्वीच्या रात्री झोप येईना म्हणून मी या पिनांच्या वंशावळीत थोडे डोके घातले आणि जे हाती आले त्याने उरलीसुरली झोपही उडाली. आपल्या भिंतीतील तीन गोल छिद्रे ही इंग्रजांची देणगी. बीएस ५४६ या क्रमांकाने ते मानक विलायतेत १९३४ साली प्रसिद्ध झाले, आणि जेथे जेथे साहेबाची वीज गेली तेथे तेथे ती छिद्रेही गेली. पुढे साहेबाने विचार बदलला, आणि पोटात फ्यूज बाळगणाऱ्या, तीन आयताकृती पायांच्या नव्या पिनेचे मानक काढले. त्याचे साल १९४७. म्हणजे ज्या वर्षी इंग्रजांनी हिंदुस्थानचा ताबा सोडला त्याच वर्षी आपल्या जुन्या पिनेसही सोडचिठ्ठी देण्यास आरंभ केला, आणि आम्ही हिंदुस्थान घेतला तो पिनेसकट घेतला. आजही आपले आयएस १२९३ हे मानक त्याच गोल पायांचा संसार चालवते, आणि खुद्द विलायतेत ती पिन पाहण्याची हौस असेल तर नाट्यगृहात जाऊन रंगमंचाच्या दिव्यांपाशी डोकवावे लागते. दीडशे वर्षे एका राज्यात नांदलेल्या दोन देशांना आज एकमेकांच्या भिंतीत शिरता येत नाही!

या अनागोंदीवर कोणी इलाज केला नाही असे नव्हे. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग नावाची एक वजनदार संस्था १९०६ पासून आहे, आणि तिने १९८६ साली सकल मानवजातीसाठी एकच पिन सुचवली. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी कमीअधिक फेरफार करून ती उचलली; बाकीच्या जगाने तो कागद दप्तरी दाखल केला. आयोगाच्याच यादीत आज इंग्रजी वर्णमालेतील ए पासून ओ पर्यंत पंधरा तऱ्हांच्या पिना नांदत आहेत. या आयोगाचे ठाणे जिनिव्हात आहे, आणि जिनिव्हातील भिंतींना जी छिद्रे आहेत ती स्वित्झर्लंडची स्वतःची, बड्या शेजाऱ्यांपैकी कोणाशीही पुरती न जुळणारी आहेत. ज्याच्या कचेरीतच ऐक्य नाही त्याने जगाला काय सांगावे, हा अनुभव गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यास नवा नाही.

लंडनला पोहोचलो. हॉटेलची खोली इतकी बेताची की एकाने दार उघडले तर दुसऱ्याने पलंगावर चढावे. तीन आयताकृती छिद्रे मात्र सेक्रेटरीसाहेबांच्या भाकिताप्रमाणे भिंतीत हजर होती. युनिव्हर्सल पिनेचा चौकोनी खटका मी सरकवला, पाय बाहेर आले, आत गेले, त्यावर चार्जर बसवला. आणि हात काढताच तो सर्व डोलारा स्वतःच्या भाराने मान टाकून भिंतीबाहेर लोंबू लागला. डबीचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. सूनबाईंनी खालून चकल्यांचा डबा टेकू म्हणून दिला, तेव्हा दिवा स्थिर झाला. पण नातवाला चकली हवी होती. तो दर अर्ध्या तासाने येऊन विचारी, "आजोबा, डबा काढू?" आणि आतून चार कंठ एकदम ओरडत, "नको!"

तेव्हा मला फोरमनसाहेबांनी कानात सांगितलेला गुप्त मार्ग आठवला. वरचे छिद्र अर्थिंगचे असते. त्यात जाणारा पाय इतर दोहोंपेक्षा लांब असतो, आणि तो आधी शिरून आतील पडदा सरकवतो तेव्हाच खालची दोन छिद्रे उघडतात. सबब वरच्या छिद्रात बॉलपेन खुपसून धरावे व खाली दोन पायांचा चार्जर दामटावा. हा प्रयोग भाईंदरच्या घराघरात टेस्टर, पेन, केसांची पिन, प्रसंगी विणकामाची सुई यांनी बिनदिक्कत चालतो, आणि तो पाहून लहान मुलांना दूर ठेवण्याऐवजी आपण त्यांना बॅटरी धरायला सांगतो. मी पेन काढले मात्र, चिरंजीवांनी ते हातातून हिसकावले आणि ते तडक खाली रिसेप्शनवर गेले. परत आले ते दोन भक्कम, आटोपशीर, सुबक पिना घेऊन. तेथे म्हणे एक खोकाभर पिना पडून होत्या. आजवरचे प्रवासी विसरून गेलेल्या. कोणालाही मागताच मिळत. ज्या वस्तूसाठी जेसल पार्कात दोन तट पडले, समितीची सभा रंगली आणि टाकी गळत राहिली, तिचा लंडनात असा फुकट खोका भरलेला असावा, हे कळल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, त्यांतली एक घरी नेली तर?"

पॅरिसात निराळीच तऱ्हा. तेथे भिंतीतील वाटोळ्या खळग्यातून अर्थिंगचा एक खिळा उलट आपल्याच अंगावर आलेला. परंतु त्याच्या शेजारच्या दोन छिद्रांत आमचा इकडचाच, दोन बारीक गोल पायांचा चार्जर कोणत्याही पिनेवाचून सुतासारखा सरळ गेला. यामुळे आनंद व्हावयाचा तो झाला नाही, कारण मी बटन शोधत होतो. सॉकेट म्हटले की शेजारी बटन असणारच, ते वर असले की बंद आणि खाली असले की चालू, या श्रद्धेत आपण वाढलो. युरोपच्या मुख्य भूमीवर सॉकेटला बटनच नसते. पलंगाखाली मोबाइलचा उजेड पाडून, पडद्यामागे, कपाटाच्या पाठीशी, मी ते बटन पुष्कळ शोधले आणि त्या ओघात मागील प्रवाशाचा एक पायमोजा हस्तगत केला. डबी केव्हाचीच चालू होती.

ती बंद पडली संध्याकाळी, आम्ही बाहेर गेल्यावर. दाराशी एक खाच असते, तीत खोलीचे कार्ड ठेवले तरच वीज येते, आणि कार्ड काढले की सारे विझते. सूनबाईंचा लॅपटॉप काहीतरी उतरवून घेत होता, तो अर्ध्यात राहिला. दुसऱ्या दिवशी मी पाकिटातून एसटीचे ज्येष्ठ नागरिकाचे स्मार्टकार्ड काढून त्या खाचेत बसवले. वीज आली! आपल्याकडे निम्म्या भाड्यात पंढरपूरला नेणारे ते कार्ड पॅरिसात एका आख्ख्या खोलीला, पंख्यादिव्यांसह, उजेड पुरवत दिवसभर उभे होते. महामंडळाने या सवलतीचा उल्लेख आपल्या पत्रकात करावयास हरकत नाही.

स्वित्झर्लंडात शेटजींचे 'चालून जाईल' कसोटीला लागले आणि पडले. तेथील सॉकेट षट्कोनी असून भिंतीत आत खोल बसवलेले असते. आमचा बहुरूपी ठोकळा त्या षट्कोनाच्या काठावरच अडून बसला आणि त्याचे पाय छिद्रांपर्यंत पोहोचेचनात. उघडा चार्जर मात्र येथेही विनातक्रार गेला असता. गेला असता म्हणण्याचे कारण, रिकामे असे एकच सॉकेट सापडले आणि त्यावर सौभाग्यवतींची भाताची किटली आधीच आरूढ होती. तेव्हा नातवाने डबीची तार टीव्हीच्या पाठीमागील यूएसबीच्या खाचेत खोचली आणि डबी पिनेवाचून, चार्जरवाचून, चालू झाली. मुलांना मते कमी आणि बोटे अधिक असतात.

परंतु टीव्ही चालू असेतोच ती खाच जिवंत, हे मला कोणी सांगितले नव्हते. रात्री दहाच्या सुमारास, कोणी पाहत नसताना टीव्ही वीज जाळतो आहे असे दिसल्यावर, मीटर परक्याचा असला म्हणून काय झाले, या संस्काराने मी तो बंद केला. शेजारच्या खोलीतून एक, न्हाणीघरातून एक आणि पांघरुणाखालून एक, असे तीन आक्रोश एकाच क्षणी उठले. सूनबाई रजेवर असूनही मीटिंगमध्ये होत्या, चिरंजीव सामना पाहत होते, आणि सौभाग्यवती जेसल पार्कातील भिशी मंडळास आल्प्सचा बर्फ दाखवत होत्या. टीव्ही पुन्हा लावला. मग रात्रभर तो जर्मन भाषेत बोलत राहिला आणि आम्ही इंटरनेटसाठी ऐकत राहिलो.

इटलीत काही झाले नाही. तीन छिद्रे एका रांगेत होती, चार्जर गेला, दिवा लागला. त्यामुळे इटलीविषयी चौपाटीवर सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

परत आल्यावर समितीसमोर अहवाल देणे प्राप्त होते. मी तो मुद्देसूद लिहून काढला: राउटरला स्वतःला कोणतीही पिन लागत नाही, तो पाच व्होल्टांवर तारेने जगतो, चार्जर कोणतेही व्होल्टेज पचवतो, पिन लागते की नाही हे पलीकडच्या भिंतीवर अवलंबून. वाचन संपताच फोरमनसाहेब म्हणाले, "पाहा! मी सांगत होतो, नको." सेक्रेटरी म्हणाले, "पाहा! मी सांगत होतो, लागते." न्यू जर्सीहून मेहुण्यांनी कळवले की ट्रान्स्फॉर्मर नेला असता तर टेकूला चकल्यांचा डबा लागला नसता, आणि या विधानात दोष काढणे मलाही जमले नाही. चिरंजीव नुसते हसले. त्यांचे मूळ उत्तर अक्षरशः खरे ठरले होते, आणि ते आम्हाला समजायला दोन समुद्र ओलांडावे लागले, एवढे ते मोठेपणाने बोलून दाखवीनात.

यंदा जाणाऱ्यांच्या माहितीसाठी निकाल येणेप्रमाणे. निघण्यापूर्वी, दिवसाउजेडी, चार्जरवरची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे १०० ते २४० असेल तर ट्रान्स्फॉर्मर घरी ठेवावा. पॅरिस, जिनिव्हा, रोम येथे दोन बारीक गोल पायांचा आपला चार्जर तसाच चालतो. अमेरिकेस व जपानास चपट्या पायांची आणि विलायतेस तीन आयताकृती पायांची पिन न्यावी. विलायती पिन आमच्या घरी एक आहे, ती कोणीही विनामूल्य न्यावी. सध्या ती सेक्रेटरीसाहेबांच्या साडूंकडे असल्याचे कळते. त्यांनी, किंवा त्यांच्याकडून पुढे ज्यांनी नेली असेल त्यांनी, ती गणपतीपूर्वी आणून द्यावी. फोरमनसाहेबांचे लंडनचे तिकीट निघाले आहे.